मदत हवी आहे: इंदूर ते डिब्रुगड तीन तास की नऊ तास?

मालवाकर
एका साइटवर इंदूर–डिब्रुगड (आसाम) 2000 किमी, तीन तास दाखवतंय. तिकीट काढायला गेलो तर नऊ तास दहा मिनिटं! खरं काय धरायचं? आज रात्रीच बुकिंग करायचंय, लवकर सांगा.

रामबागची_माई
कोण जातंय? कधी? सोबत कुणी आहे का?

उंचभरारी
दोन्ही आकडे बरोबर आहेत. 2000 किमी हे सरळ हवाई अंतर. ताशी 800 किमी धरलं तर अडीच तास, चढ-उतार धरून तीन. पण थेट विमानच नाही, त्यामुळे त्या तीन तासांचा तुम्हाला उपयोग शून्य. कोलकात्यामार्गे 1300 अधिक 850, म्हणजे 2150 किमी. दिल्लीमार्गे 2400च्या वर. हवेत चारेक तासच जातात, बाकीचे मधल्या विमानतळावर बसण्यात. येताना आणखी वेळ धरा, हिवाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून असतो.

पलासियाकर
दिल्लीच घ्या. विमानं भरपूर, एक चुकलं तर दुसरं मिळतं. मी नेहमी तसाच जातो.

उंचभरारी
डिसेंबर-जानेवारीत सकाळची दिल्ली? धुक्यात मी सहा तास अडकलोय. महिना कळल्याशिवाय दिल्ली सुचवू नका.

पलासियाकर
धुकं रोज नसतं हो. कोलकात्याचं चुकलं तर मुक्कामच पडेल, त्याचं काय?

रेल्वेवेडा
दिल्लीहून डिब्रुगड राजधानी आहे, दोन रात्री आरामात. डिब्रुगडहून कन्याकुमारीला विवेक एक्सप्रेस जाते तीही एकदा कराच, 4000 किमीच्या वर प्रवास!

भटकंती_सदाशिव
तिकडून पुढे अरुणाचलला जाणार असाल तर इनर लाइन परमिट (प्रवेशाचा परवाना) लागतं, आधीच काढून ठेवा.

मालवाकर
अरुणाचलला नाही जायचं, ट्रेनही नको. आई जातेय, 71 वर्षांची, एकटी. बहिणीचं बाळंतपण आहे दुलियाजानला. 20 डिसेंबरच्या आसपास. गुडघे दुखतात तिचे.

रामबागची_माई
अरे, हे पहिल्यांदाच सांगायचं ना! मग दोन वेगळी तिकिटं अजिबात काढू नकोस, सगळा प्रवास एकाच पीएनआरवर हवा. मी स्वस्त पडतं म्हणून वेगळी काढली होती. कोलकात्याला बॅग घेऊन बाहेर आले, पुन्हा रांगेत लागले, तर काउंटर बंद. तासभर आधी बंद करतात. रात्र खुर्चीवर काढली. एका पीएनआरवर बॅग थेट डिब्रुगडला निघते, तरी इंदूरला टॅगवर डिब्रुगडचं नाव बघून घ्यायला सांग. व्हीलचेअर बुकिंग करतानाच नोंदव, निदान 48 तास आधी. मदतनीस पुढच्या गेटपर्यंत सोडतो.

उंचभरारी
आणि दुपारीच पोहोचू दे. तिकडे डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो. पुढे दुलियाजानपर्यंत गाडीचा रस्ता आहे, अंधारात नको.

मालवाकर
मिळालं. कोलकात्यामार्गे, एकच पीएनआर, मध्ये 2 तास 40 मिनिटं, दुपारी एकला पोहोचते. व्हीलचेअर टाकली. आता एकच. डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा ती हातातच ठेवणार म्हणते. तपासणीत उघडायला लावतील का? झाकण इतकं घट्ट आहे की तिला निघत नाही.

रामबागची_माई
लावतात कधी कधी. लाडू चालतात, तुपाची बरणी मात्र चेक-इनच्या बॅगेत टाक, माझी ठेवून घेतली होती. आणि स्टीलचा डबा राहू दे, फिरकीच्या झाकणाची प्लास्टिकची बरणी दे आईंना.