सैनिकांच्या स्मारकावर योहान १५:१३ असावं का?

मूळ धागा
मित्रांसाठी जीव देण्यापेक्षा मोठी प्रीती नाही, हे बायबलमधलं वचन (योहान १५:१३) सैनिकांच्या स्मारकांवर कोरतात आणि मला ते तिथे खटकतं. माझे काका युद्धात गेले, त्यामुळे हे लिहिताना हात जड झालाय. येशू हे बोलला ते शेवटच्या भोजनाच्या रात्री, शिष्यांचे पाय धुऊन झाल्यावर, आणि त्याच रात्री पेत्र या शिष्याला म्हणाला तलवार म्यानात घाल. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश लष्करी दफनभूम्यांमध्ये जो बलिदानाचा क्रूस उभारला त्याच्यावर तर ब्राँझची तलवारच बसवलीय! सैनिकाचा मान ठेवा, नाव घ्या, रडा, पण त्याचं मरण ख्रिस्ताच्या मरणाशेजारी मांडू नका.

प्रतिसाद १
अजिबात पटलं नाही. त्या तलवारीचं टोक खाली आहे, हे का नाही सांगितलंत? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले तेव्हा (लूक ३) तो नोकरी सोडा म्हणाला नाही, लोकांना लुबाडू नका आणि पगारात समाधानी राहा म्हणाला. माझा भाऊ जखमी साथीदाराला ओढून आणताना गेला. आईला त्याच वचनाचा आधार आहे, ते इथे लागू नाही हे तिला कोण सांगणार, तुम्ही?

प्रतिसाद २
मी तर धागाकर्त्याच्याही पुढे जाईन. ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हुतात्मा म्हणजे विश्वासासाठी मारला गेलेला, आणि इ.स. २९५ मध्ये मॅक्सिमिलियनला मारलं ते सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून. त्याला संत मानायचं आणि लढून मेलेल्यालाही तोच शब्द लावायचा, हे जुळत नाही.

धागाकर्ता
प्रतिसाद १, आईंना कोणी काही सांगू नये, मीही नाही. तुमच्या भावाच्या बाबतीत ते वचन खरंच आहे, तो वाचवताना गेला. माझा प्रश्न सरसकट प्रत्येक दगडावर कोरण्याचा आहे, कारण त्यात मारणं झाकलं जातं आणि पलीकडचे मेलेले तर कुणाच्या लक्षातच राहत नाहीत. दावीदाचं विलापगीत वाचा, २ शमुवेल १. जो शौल राजा त्याच्या जिवावर उठला होता त्याच्यासाठीही तो रडतो, पण मरणाला पवित्र म्हणत नाही, त्या गीतात देवाचं नावसुद्धा येत नाही. नुसतं दुःख आहे. मला उपासनेत तसं दुःख हवंय.

प्रतिसाद १
दावीदाचं मान्य. पण भावाच्या दगडावरचं वचन तिथेच राहील. रविवारी प्रार्थनेत त्याचं नाव घेणार आहे, तुमच्या काकांचंही घेईन, नाव कळवा.