मुलीचे आफ्रो केस: गुंता, कोरडेपणा आणि रोजची रडारड, प्लीज मदत करा

स्प्रिंगवालीची_आई

नमस्कार सगळ्यांना. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तिचे बाबा आफ्रिकन वंशाचे आणि केस तिने पूर्णच्या पूर्ण बाबांचे घेतलेत, म्हणजे नुसते कुरळे नाही, बॉलपेनमध्ये असते ना बारीक स्प्रिंग तेवढे घट्ट वळसे. माझे स्वतःचे केस सरळ, त्यामुळे मला केसांचं जे काही येतं ते सगळं इथे उलटं पडतंय. बाबांचे केस कायम बारीक कापलेले असतात त्यामुळे त्यांनाही यातलं काही येत नाही.

रोज सकाळी शाळेच्या आधी ब्रश घेऊन बसते, ती रडते, मी चिडते, मग मलाच वाईट वाटतं, आणि ब्रशमध्ये तुटलेल्या केसांचा हा एवढा गोळा. तेल चोपडून चोपडून लावते तरी दुपारपर्यंत केस वाळल्या गवतासारखे. मागच्या महिन्यात एका ठिकाणी घट्ट बारीक वेण्या घालून आणल्या तर दुसऱ्याच दिवशी कपाळाच्या कडेने वेणीच्या मुळाशी पांढऱ्या पुळ्या आल्या, दोन रात्री तिला उशीवर डोकं टेकवता येईना. तिथल्याच बाई वर म्हणाल्या की एकदा रिलॅक्सर, म्हणजे केस कायमचे सरळ करायचं केमिकल, करून टाका म्हणजे कटकट मिटेल. सहा वर्षांच्या मुलीला. मी तिथून उठून आले पण खरं सांगते, त्या रात्री मी विचार करत बसले होते की करावं का.

परवा ती आरशासमोर उभी राहून दोन्ही तळव्यांनी केस खाली दाबत होती, सोडले की परत वर, परत दाबले, परत वर. मग विचारलं, आई माझे केस खाली का बसत नाहीत. मला उत्तर देता आलं नाही.

तर किती दिवसांनी धुवायचे, कशाने विंचरायचे, आणि दोन वर्षं झाली कानाच्या खाली आलेच नाहीत तर वाढतच नाहीयेत का? जमेल तेवढं सविस्तर सांगा, मी सगळं करायला तयार आहे.

वळसेदार

ताई, माझे स्वतःचे केस अगदी असेच आहेत, आणि माझ्याही आईचे सरळ होते. तुमची पोस्ट वाचून आधी थोडा वेळ शांत बसले, मग लिहायला घेतलं.

पहिली गोष्ट, उद्यापासून कोरड्या केसांना ब्रश लावायचा नाही. कधीच नाही. आपले केस कापून बघितले तर गोल नसतात, चपटे लंबगोल असतात, आणि प्रत्येक वळणावर केस थोडा कमजोर असतो. कोरडेपणी ब्रश ओढला की तो प्रत्येक वळणावर अडकतो आणि तिथेच तुटतो. तुमच्या ब्रशातला गोळा केस गळल्याचा नाही, बहुतेक तुटल्याचा आहे. बघून ओळखता येतं, आपणहून गळालेला केस लांब असतो आणि त्याच्या एका टोकाला बारीक पांढरा दाणा असतो, तुटलेला तुकडा आखूड असतो आणि त्याला दाणा नसतो.

दुसरी गोष्ट जी मला स्वतःला विसाव्या वर्षी कळली, तेल म्हणजे ओलावा नाही. ओलावा म्हणजे पाणी. तेल फक्त आत असलेलं पाणी लवकर उडू देत नाही. तुम्ही कोरड्या केसांवर तेल लावताय म्हणजे कोरडेपणावरच झाकण ठेवताय. सरळ केसात टाळूचं नैसर्गिक तेल आपोआप घसरत टोकापर्यंत जातं, आपल्यात ते इतक्या वळणांवरून खाली उतरतच नाही, म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला खडखडीत.

आता मी काय करते ते सांगते. आठवड्यातून एकदा, फार तर दहा दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी. रोज धुवायचे नाहीत. आधी डोक्याचे चार भाग करायचे, कपाळापासून मानेपर्यंत एक भांग आणि कानापासून कानापर्यंत एक, तीन भाग सैल पिळून क्लिपने अडकवायचे आणि एकाच भागावर काम करायचं. त्यावर स्प्रेच्या बाटलीने पाणी मारायचं, निथळेपर्यंत नाही, पण हाताला ओलं लागलं पाहिजे. मग कंडिशनर, आणि हात आखडता घ्यायचा नाही, बट हातातून सुळकन निसटली पाहिजे इतका. आता आधी बोटांनी गुंते सोडवायचे, टोकाकडून सुरुवात करायची, दोन बोटं वर, परत दोन बोटं वर, मुळाशी सगळ्यात शेवटी. मोठा गुंता आला तर तो खाली ओढायचा नाही, दोन्ही हातांनी आडवा फाकवायचा, तो आपणच सुटतो. विंचरताना दुसऱ्या हाताने मुळाजवळ बट घट्ट धरून ठेवायची म्हणजे ओढ टाळूवर जात नाही, माझ्या आईला ही एक गोष्ट कुणी सांगितली असती तर माझं निम्मं रडणं वाचलं असतं. बोटांनी झाल्यावर मग रुंद दातांचा कंगवा. भाग झाला की दोन पेडांचा पीळ घालून बाजूला आणि पुढचा भाग.

शांपू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही, आणि पीळ न सोडताच. सगळे केस डोक्यावर गोळा करून चोळले की तासाभराची मेहनत दोन मिनिटात परत गुंत्यात जाते. मग परत कंडिशनर, धुवून टाकायचं, टॉवेलने खसाखसा न पुसता जुन्या सुती टीशर्टने दाबून पाणी टिपायचं. केस ओले असतानाच लीव्ह-इन कंडिशनर, म्हणजे न धुता केसातच ठेवायचं, त्यावर थोडं तेल किंवा शिया बटर, त्यावर हवं तर क्रीम. हा क्रम महत्त्वाचा, पाणी आधी, तेल नंतर.

आणि त्या दिवशी कंगव्यात भरपूर केस निघाले तर घाबरू नका. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात, सरळ केस खाली पडून जातात, आपले वळशात अडकून राहतात आणि आठवड्याचे सगळे एकदम हातात येतात.

वाढतायत हो केस. महिन्याला साधारण पाऊण सेंटीमीटरच्या आसपास वाढतात, सरळ केसांपेक्षा थोडं हळू, पण वाढतात. दिसत नाहीत कारण एक तर टोकाने तितकेच तुटतायत आणि दुसरं म्हणजे वळसे आखडतात. आज धुतल्यावर एक बट हलक्या हाताने ताणून बघा कुठपर्यंत येते.

त्वचा_आणि_केस

मी त्वचारोग डॉक्टर आहे, दोन गोष्टींवरच लिहितो कारण बाकीचं वरती उत्तम सांगितलंय.

कपाळाच्या कडेच्या पुळ्या म्हणजे केसांच्या मुळांवर सतत ताण आल्याची खूण आहे. वेणी घालताना दुखलं, भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या, किंवा मुळाशी पुळ्या आल्या, तर वेणी जास्त घट्ट आहे, त्याच दिवशी सोडायची, सवय होईल म्हणून थांबायचं नाही. हा ताण वर्षानुवर्षं चालू राहिला तर कडेचे केस विरळ होत जातात, त्याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. लवकर लक्षात आलं तर केस परत येतात, पण मुळाच्या जागी व्रण झाला की येत नाहीत. लहान मुलींमध्ये मी हे बघितलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं कारण हे शंभर टक्के टाळता येणारं आहे. वेण्या घालायच्याच असतील तर जाड आणि सैल घाला, कडेची बाळकेसं त्यात ओढू नका, आणि दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका. पुळ्यांमधून पू आला किंवा ताप असला तर मात्र जवळच्या डॉक्टरांना दाखवा.

रिलॅक्सरबद्दल. त्यात बहुधा सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे कॉस्टिक सोडा, आणि 'नो लाय', म्हणजे हा सोडा नसलेलं, असं लिहिलेल्या डब्यात दुसरं पण तितकंच तीव्र अल्कली असतं. पीएच १२ च्या वर जातो. हे केसातल्या प्रोटीनमधले गंधकाचे बंध कायमचे तोडतं, म्हणून केस सरळ होतो, आणि म्हणूनच तो केस परत कधी कुरळा होत नाही, नवीन मुळातून येईल तेवढाच. थोडं जास्त राहिलं तरी टाळू भाजू शकते. शिवाय २०२२ मध्ये अमेरिकेत तेहतीस हजारांहून जास्त बायकांवरच्या मोठ्या अभ्यासात केस सरळ करणारी केमिकल उत्पादनं वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिसलं. एकूण धोका तरीही कमीच आहे आणि यावरून कारण सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही, पण सहा वर्षांच्या मुलीला हे लावायचं काहीही कारण नाही. तुम्ही उठून आलात ते अगदी बरोबर केलंत.

निलूमावशी

अगं पण टाळूला तेल चोळून जिरवलं तर कोरडेपणा जाईल ना? मुळं कोरडी म्हणून केस कोरडे असं मला वाटतं. कोंडा पण जातो तेलाने.

वळसेदार

मावशी मला पण लहानपणी हेच वाटायचं, पण कोंड्याच्या बाबतीत उलट होतं. कोंडा ज्या यीस्टमुळे वाढतो ती तेलावरच जगते, त्यामुळे टाळूवर तेल साठलं की खाज आणि पापुद्रे अजून वाढतात. तेल लावायचंच असेल तर केसांच्या लांबीला आणि टोकांना लावा, टोकं सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कोरडी असतात. खोबरेल धुण्याच्या आधी लावलं तर खरंच उपयोग होतो, ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रोटीन कमी जातं.

दोन_पोरींचा_बाबा

आमच्याकडे दोन मुली, दोघींचे केस असे, आणि विंचरायचं काम माझं. वरच्या ताईंनी सगळं सांगितलं, मी फक्त रात्रीचं सांगतो कारण ते कुणी लिहिलं नाही. सुती अभ्रा केसातला ओलावा शोषून घेतो आणि रात्रभर घासतो, सकाळचा निम्मा गुंता तिथेच तयार होतो. सॅटिनची टोपी घाला, धाकटी रात्रीत टोपी काढून फेकते म्हणून तिच्या उशीलाच सॅटिनचा अभ्रा घातला, प्रश्न संपला.

आणि रोज सकाळी विंचरायचंच नाही, ही सगळ्यात मोठी सुटका. धुतल्यावर दोन पेडांचे दहा-बारा सैल ट्विस्ट घालायचे, तेच पाच-सहा दिवस राहतात, सकाळी फक्त थोडं पाणी मारायचं आणि निघायचं. वीकेंडला ट्विस्ट सोडले की सुंदर लाटा येतात पण पूर्ण वाळल्यावरच सोडायचे, आत जरा जरी ओलं असलं तरी फुगून सगळं विस्कटतं. सोडताना बोटांना दोन थेंब तेल लावा.

धीर मात्र धरा. पहिल्या वेळी मला अडीच तास लागले होते. मधे थांबायचं, तिला खाली गादीवर बसवायचं, आवडीचं काहीतरी लावून द्यायचं, आणि 'दुखलं' म्हणाली की त्याच सेकंदाला हात थांबवायचा, तिला एकदा विश्वास बसला की ती मान सैल सोडते आणि मग निम्म्या वेळात होतं.

वळसेदार

आरशाबद्दल लिहायचं राहिलंच होतं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिला सांगा की तुझे केस खाली बसायला बनलेलेच नाहीत, ते वर आणि बाजूला वाढतात, झाडासारखे. तिच्यासमोर 'गुंता', 'झिंज्या', 'कटकट' हे शब्द वापरू नका, कितीही दमलात तरी. मी माझ्या आईचा दर रविवारचा उसासा अजून विसरले नाहीये, ती खूप चांगली आई होती, पण मला तेव्हा वाटायचं की माझ्या डोक्यात काहीतरी चुकीचं आहे. असे केस असलेल्या मोठ्या बायका तिला दाखवा, आफ्रो, ट्विस्ट, बांटू नॉट्स म्हणजे डोकंभर छोटे गोल अंबाडे, कॉर्नरो म्हणजे टाळूलगत ओळीने घातलेल्या वेण्या, सगळं. हे केस नीटनेटके नाहीत असं म्हणून शाळेतून आणि नोकरीतून लोकांना इतका त्रास दिला गेलाय की २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाला त्याविरुद्ध क्राऊन नावाचा कायदा करावा लागला, नंतर अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी केला. तिला आत्ता हे सांगायचं नाही, पण तुम्हाला माहीत असू दे, कुणी केसांवरून बोललं तर तुम्हाला ठामपणे उभं राहायचंय.

स्प्रिंगवालीची_आई

तीन रविवार झाले, सांगायला आले. सगळ्यांचे मनापासून आभार, डॉक्टर तुमचेही, पुळ्या वेण्या सोडल्यावर चार दिवसांत बसल्या.

पहिल्या रविवारी तीन तास लागले आणि दोघीही रडलो. पण मुळाशी बट धरून विंचरायचं जमलं त्या क्षणी तिचे खांदे खाली आले, मला हाताला जाणवलं. दुसऱ्या रविवारी दोन तास. काल सव्वा तास, आणि मागचा भाग करताना ती चक्क झोपली, डोकं माझ्या गुडघ्यावर. ओली बट हलकेच ताणून बघितली, खांद्याच्याही खाली आली! सोडल्यावर टुणकन परत कानाशी. तिला तर खेळच मिळालाय, बाबांना, आजीला, सगळ्यांना बट ओढून दाखवते.

दोन प्रश्न. टोकांना एकेका केसाला बारीक कडक गाठी दिसतायत, मोहरीपेक्षाही लहान, त्या सुटत नाहीत. आणि तिला शाळेत एकदा वर गोल पफ घालून जायचंय, रबराने बांधू का?

वळसेदार

वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

त्या गाठी केस स्वतःभोवतीच वळसा घेऊन बसल्याने होतात, आपल्या सगळ्यांना होतात. सोडवायला जाऊ नका, ओढूही नका, धारदार केस कापायच्या कात्रीने गाठीच्या जरा वर कापून टाका. घरातली साधी कात्री नको, तिने टोकं फाटतात. केस ट्विस्टमध्ये राहिले की गाठी कमी होतात.

पफसाठी रबर अजिबात नको, ते केस कापतं. जुन्या पातळ लेगिंगची पट्टी कापा, केसांवर पाणी मारून हाताने वर गोळा करा, पट्टी मानेमागून घेऊन कपाळावर एक सैल गाठ, मग हळूहळू वर सरकवा. पट्टीखाली तुमचं एक बोट सहज गेलं पाहिजे. शाळेतून आली की लगेच सोडा आणि रोज नको, आठवड्यातून एक-दोनदा ठीक आहे. घालून झाला की पफचा फोटो टाकू नका इथे, पण कसा झाला ते तिच्या शब्दांत नक्की कळवा.

स्प्रिंगवालीची_आई

घातला आज. "आई, माझ्या डोक्यावर ढग आहे" म्हणाली, आणि आरशासमोरून हलेना.