रविवारी बघणारे असतात, दाखवणारे नसतात

शनिवार-रविवारी टीव्ही कुणी बघत नाही, म्हणून स्थानिक वाहिन्यांनी ताज्या बातम्या कमी केल्या, असं म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. २० नोव्हेंबर २०१६, रविवार. आमच्या इंदूरहून निघालेली पाटणा एक्सप्रेस पहाटे तीनच्या सुमारास कानपूरकडे पुखरायांजवळ घसरली, दीडशेच्या आसपास माणसं गेली. शेजारच्या काकूंचा भाऊ त्याच गाडीत होता. सात वाजता त्या आमच्याकडे धावत आल्या. केबलवरचा गावातला चॅनल लावला, तर शुक्रवारची मुलाखत पुन्हा चालू आणि खाली साड्यांच्या सेलची पट्टी. दिल्लीवाले चेपलेले डबे दाखवत होते, पण इंदूरच्या लोकांनी चौकशी कुठे करायची, हे ते कशाला सांगतील? शेवटी माझा भाऊ स्कूटरवरून स्टेशनवर गेला आणि मदतीचा नंबर कागदावर उतरवून घेऊन आला. काकूंच्या हातात तो कागद दुपारपर्यंत होता, पार ओला झालेला. त्यांचा भाऊ सुखरूप निघाला.

त्या चॅनलमधल्या ओळखीच्या मुलानं नंतर सांगितलं, रविवारी ड्यूटीवर फक्त रेकॉर्डिंग लावणारा एकच जण असतो. त्या सकाळी आमच्या गल्लीत घरोघरी टीव्ही चालू होते.