सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग सर्टिफिकेटचा, क्लास लावू की घरीच अभ्यास करू?

बीएस्सी आयटी झालंय, रत्नागिरीत असतो. इथला एक क्लासवाला सीसीएनएचे ३५ हजार सांगतोय, परीक्षा फी वेगळी. यंदा मोहोर गळला त्यामुळे घरी हात आखडताच आहे. पैसे वसूल होतील का?

चिपळूणकर: अरे थांब, आधीच पैसे भरू नकोस. परीक्षेचीच फी ३०० डॉलर अधिक टॅक्स म्हणजे २५ हजारांच्या वर गेलीच आणि नापास झालास तर पुन्हा तेवढीच, वर सर्टिफिकेट चालतं फक्त ३ वर्षं. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवरच नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, त्यात दोन स्विच जोडून व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे पाडलेले भाग) कर, एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात पिंग (जोडणी तपासायचा संदेश) जात नाही आणि मग राउटर लावल्यावर जातो, ते का हे कळलं की अर्धी लढाई जिंकलास. सबनेटिंग (नेटवर्कचे पत्ते गटांत वाटायचं गणित) मात्र कागदावरच घोट.

मालवणची पोर: खरं सांगू, नोकऱ्या पुण्या-मुंबईला. इकडे जास्त करून सीसीटीव्ही नि हॉटेलांचं वायफाय, त्याला सर्टिफिकेट कोण विचारत नाय. तिकडं जायची तयारी असेल तरच परीक्षा दे, आणि सुरुवातीला नाईट शिफ्ट धरूनच चाल, भाडं पण त्याच पगारातून.

प्रश्नकर्ता: पुण्यात मावशी आहे, भाडं वाचेल. आज रात्रीच पॅकेट ट्रेसर टाकतो, लाईट राहिली तर 😅