मदत हवी आहे: नेसरी, पारगड, पावनखिंड, विशाळगड दोन दिवसांत होतं का? (अर्जंट)

शहापूर_हुलबत्ते: नमस्कार मंडळी. आमच्या भिशीचा ग्रुप बेळगावातून निघायलाय. पहिल्या दिवशी नेसरी आणि पारगड, वाटेत आंबोली. दुसऱ्या दिवशी पावनखिंड, विशाळगड आणि रात्री घरी. गाडीवाला म्हणतो होणार नाही, तीन दिवसांचं भाडं द्या. लुबाडायलाय की खरं सांगायलाय? आज रात्रीपर्यंत ॲडव्हान्स द्यायचाय, लवकर सांगा.

रामलिंगखिंड: किती जण? कुठली गाडी? महिना कुठला?

शहापूर_हुलबत्ते: बावीस. गाडी मोठीच आहे ओ. होतं की नाही तेवढं सांगा.

चंदगडी_पाव्हणा: नेसरी-पारगड एका दिवसात आरामात होतं. हिंडलगा, कोवाड करत नेसरी गाठा. प्रतापराव गुजरांचं स्मारक नेसरीच्या बाजारात शोधू नका, कानडेवाडीकडे विचारत जा. तिथून चंदगडमार्गे पारगड. आंबोली मात्र वेगळ्या फाट्याला, ती त्याच दिवशी घुसडू नका. पारगडावर भवानीचं देऊळ आहे, शिवाय तानाजी मालुसऱ्यांच्या मुलाला, रायबाला, महाराजांनी तिथं नेमलं असं गडावरचे लोक सांगतात. मालुसऱ्यांचे वंशज आजही गडावर राहतात. गप्पा मारायला बसलात की दोन तास कुठे गेले कळत नाही.

टिळकवाडी_अण्णा: खरं रणांगण बघायचं तर पानिपत. गोवा एक्सप्रेस बेळगावहूनच जाते, निजामुद्दीनला उतरा, तिथून पानिपत नव्वद किलोमीटर. काला आंबचं स्मारक बघा. १४ जानेवारी १७६१. आम्ही गेल्तो, हातमोजे न्यायला विसरलो.

शहापूर_हुलबत्ते: अण्णा, दोन दिवस म्हणालो की ओ!

कित्तूर_रोड: इतकं लांब कशाला? कित्तूर तासाभरावर. २३ ऑक्टोबर १८२४ ला चन्नम्मा राणीच्या फौजेनं कलेक्टर थॅकरेला तिथं लोळवलं. वाडा पडका आहे, पण आत म्युझियम आहे. बैलहोंगलला राणीची समाधी. येताना नंदगड करा, १८३१ मध्ये राणीच्या संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी फाशी दिली ते ठिकाण. तिन्ही एका दिवसात होतात, परमिटची कटकट नाही.

खडेबाजार_२: तो शिवकालीन ट्रिप म्हणतोय, कित्तूर कशाला मध्येच?

कित्तूर_रोड: मग काय, कर्नाटकात आहे म्हणून इतिहास नाही? रायण्णानं इंग्रजांशी लढताना कुठली भाषा बोलायची ते आधी विचारून घ्यायला हवं होतं वाटतं.

रामलिंगखिंड: भांडण दुसऱ्या धाग्यावर घ्या. परमिटचं निघालंच आहे म्हणून विचारतो, गाडीची नंबरप्लेट पिवळी की पांढरी?

शहापूर_हुलबत्ते: पांढरी असेल बहुतेक. ओळखीतला आहे, स्वस्तात देतो म्हणाला.

रामलिंगखिंड: झालं! भाड्यानं पांढरी प्लेट नेली आणि काही झालं तर विम्याला विसरा. शिनोळीला महाराष्ट्र लागतो, तिथं अडवलं तर बावीस जणांना घेऊन रस्त्यात उभे राहाल. पिवळ्या प्लेटची गाडी घ्या. तिचं ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का ते कागदावर बघा. नसेल तर स्पेशल परमिट काढावं लागतं. गाडीवाल्याच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

खडेबाजार_२: आता पावनखिंडीचं गणित. कोल्हापूरच बेळगावापासून ११० किलोमीटर. पुढे मलकापूर, मग डोंगरातला वळणाचा रस्ता, पांढरेपाणीजवळ उतरून खिंडीत पायऱ्या आणि लोखंडी शिडी. मग विशाळगड चढायचा आणि परत बेळगाव? गाडीवाला लुबाडत नाही, खरं बोलतोय. एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही हे एका दिवसात केलं, रात्री दीडला पोचलो. दोघे उलट्या करत.

चंदगडी_पाव्हणा: विशाळगडावर अधूनमधून बंदोबस्त आणि बंधनं असतात, आदल्या दिवशी फोन करून चौकशी करा. आणि महिना अजून सांगितला नाहीत.

शहापूर_हुलबत्ते: जुलै. १२ आणि १३. मुद्दाम ती तारीख धरली, बाजीप्रभूंचा दिवस.

खडेबाजार_२: अरे देवा! हे आधी नाही का सांगायचं? १३ जुलै १६६०, म्हणूनच त्या दिवसांत पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणाऱ्या मोहिमांची ऐन गर्दी असते. खिंडीत पाऊस, चिखल, जळवा आणि माणसंच माणसं.

टिळकवाडी_अण्णा: पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून होता. महाराज निसटले ते असल्याच पावसाळी रात्री. तेव्हा चिखल होता म्हणूनच शत्रू गाफील राहिला असणार. तुम्हाला काय हरकत?

खडेबाजार_२: अण्णा, बांदल मावळे होते ते. हे भिशीचा ग्रुप आहे.

रामलिंगखिंड: शहापूरकर, बावीसमध्ये वयस्कर किती?

शहापूर_हुलबत्ते: नऊ जण साठीच्या पुढचे. आईचा गुडघा मार्चमध्ये बदललाय, पण चालते ती.

रामलिंगखिंड: 🤦

चंदगडी_पाव्हणा: पावनखिंड नोव्हेंबरात तीन दिवस काढून करा. जुलैत फक्त नेसरी-पारगड, एक रात्र चंदगडला. पारगडच्या रस्त्याला धुकं असतं, दुपारी तीनच्या आत खाली उतरा. नेसरीत प्रतापराव आणि सहा स्वार, मिळून सात. आमच्याकडे एकदा मास्तर 'आठ' म्हणाले, तेव्हा मुलांनीच सुधारलं. लढाई २४ फेब्रुवारी १६७४ ची, समोर बहलोलखान.

मांडे_वाढा: उमराणीला त्यालाच पकडून सोडला होता ना? महाराज रागावले ते त्यावरून. नेसरीजवळ मांडे मिळतील का?

चंदगडी_पाव्हणा: मांडे बेळगावातनंच न्या.

शहापूर_हुलबत्ते: आत्ता आईला सगळं सांगितलं. ती म्हणते तिला फक्त नेसरीच बघायची होती, माहेर कोवाडकडचं, लहानपणापासून ऐकून आहे. पावनखिंड आणि विशाळगड माझीच हौस. पांढऱ्या प्लेटवाल्याला नको म्हणून सांगितलं. पिवळ्या प्लेटच्या, परमिट असलेल्या गाडीचा कोणाकडे पत्ता आहे का? बावीस सीट. एकवीस, शेजारचे काका पानिपतला जायचं म्हणायलेत.