अरुंधतीला देशमुखांच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडूच दिलं नाही

गिरणाकाठची:
काल आपल्या खानदेशी ग्रुपवर एका दादांनी लिहिलं, "'आई कुठे काय करते'मधली अरुंधती घटस्फोटानंतरही देशमुखांच्या घरासाठी धावत राहिली म्हणून तिला नावं ठेवणाऱ्या बायकांना संसार कळलेलाच नाही. आपल्या खानदेशातल्या आया अशाच आहेत, म्हणून घरं टिकली." खाली हात जोडलेल्यांची रांग. मी तिथे उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, शेवटी रात्री दीडला उठून इथे लिहितेय.

ही मालिका मी २०१९ च्या डिसेंबरपासून बघितलीय. पहिलं दीड वर्ष एक भाग सोडला नाही, साडेसातला गॅस बंद म्हणजे बंद. पंचवीस वर्षं घर ओढणारी बाई, नवरा अनिरुद्ध ऑफिसातल्या संजनाबरोबर, आणि ही बाई रडून रडून शेवटी उभी राहते आणि सही करते. त्या वेळी माझ्याही घटस्फोटाच्या तारखा चालू होत्या. तिने सही केली त्या रात्री मी आणि माझी आई दोघी गप्प बसून होतो, टीव्ही बंद करायचंही सुचलं नाही. म्हणून सांगते की मला अरुंधतीचा राग नाही, राग आहे तो तिला लिहिणाऱ्यांचा. सहीनंतर त्यांनी तिला जाऊ कुठे दिलं? गाणं दिलं, नोकरी दिली, २०२३ ला आशुतोषशी लग्न लावलं, आणि तरी दर आठवड्याला तीच परत देशमुखांच्या त्या 'समृद्धी' बंगल्यात. मुलगा अभिषेकने सून अनघाला फसवलं तर हीच धावणार, लेक ईशाचं बिनसलं तर हीच, सासू कांचनआईंना बरं नसलं तर हीच. आणि २०२४ मध्ये आशुतोषला अपघातात मारूनच टाकला. का? सुखी बाईची गोष्ट लिहिता येत नाही म्हणून?

आता माझं. माझा निकाल लागल्यावर वर्षाच्या आतच माझ्या आधीच्या नणंदेचं लग्न होतं. निरोप आला, खापरावरचे मांडे दुसऱ्या कुणाला जमत नाहीत, तू ये. मी गेले. पहाटेपासून चुलीपुढे, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, पुरण मीच वाटलेलं. पंगत बसली तेव्हा मला कुणी "बस" म्हटलं नाही. मी मागच्या दाराने निघून एसटी पकडली. मालिकेत ह्याच प्रसंगाला मागे बासरी वाजते आणि सगळे म्हणतात किती मोठ्या मनाची. मोठं मन नव्हतं ते, मला नाही म्हणता येत नव्हतं. आणि असली बाई रोज टीव्हीवर बघून आपल्या पोरी नाही म्हणायला शिकणार कधी?

लिंबायतकर:
ताई, ती पोस्ट मी शेअर केली होती, त्यामुळे उत्तर देतो. मी मूळ शिंदखेडा तालुक्यातला, आता सुरतेला लूमवर. माझ्या वडिलांनी दुसरं घर केलं होतं. गावात सगळ्यांना माहीत. मायने आम्हा तिघांना कापूस वेचून वाढवलं, आणि बाप शेवटी लकव्याने पडला तेव्हा ती दुसरी निघून गेली आणि मायनेच त्याचं हगणं-मुतणं काढलं, चार वर्षं. तुमच्या हिशोबाने ती लाचार होती? मी तिच्यासारखी ताकदवान बाई पाहिली नाही. अरुंधतीत मला ती दिसते. शहरात राहून 'स्वतःसाठी जगा' म्हणणं सोपं आहे हो.

गिरणाकाठची:
मी शहरात नाही, भडगावात राहते. आणि तुमच्या मायला मी लाचार म्हटलेलं नाही, माझ्या तोंडात शब्द घालू नका.

भुसावळची मामी:
दोघं शांत व्हा. मी सांगते हे असं का होतं. आठवड्याचे सहा भाग काढायचे असतात, दर गुरुवारी टीआरपी येतो, आणि सेट एकच उभा असतो, त्यात हॉल, जिना, किचन. नायिका खरंच घर सोडून गेली तर उरलेले दहा-बारा कलाकार काय करणार? मग काहीतरी काढून तिला परत हॉलमध्ये आणायचं. ही गोष्ट मुळात बंगाली 'श्रीमोयी'वरून घेतलेली, ती २०१९ ला सुरू झाली आणि २०२१ ला संपली पण. अडीच वर्षांत. आपली २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं, शेवटी दुपारी अडीचला ढकलली तरी चालूच. अडीच वर्षांची गोष्ट पाच वर्षं ताणली की बाईचं असंच होणार. पहिल्या वर्षातली अरुंधती माणूस होती, नंतर ती घरातल्या सगळ्यांच्या भांडणांचं पंचायत ऑफिस झाली.
पण गिरणाकाठची, एक माझंही मत. अरुंधतीचं दुसरं लग्न मला पटलंच नव्हतं. पन्नाशीच्या आसपास, पोरं लग्नाची, सून बाळंत, आणि आई मेंदी काढतेय. आमच्या रेल्वे कॉलनीतल्या सगळ्या बायकांनी तेव्हाच बघणं सोडलं.

शहाद्याची सून:
मामी, आदर ठेवून विचारते, अनिरुद्धने आधी केलं तेव्हा बघणं का नाही सोडलं? तोही पोरं लग्नाची असतानाच नाचत होता ना. आणि आपल्याकडे कितीतरी समाजांत पाट लागतो, म्हणजे बाईचं दुसरं लग्न, आजचा नाही, आमच्या आजेसासूचा लागला होता, तिला कुणी मालिका बघून विचारलं नाही. आशुतोष कॉलेजपासून तिच्यासाठी थांबलेला, ते लग्न ही एकच गोष्ट त्या बाईला स्वतःहून मिळाली आणि लेखकांनी तीच काढून घेतली.

केळीबाग रावेर:
मूळ मुद्दा सगळे विसरतात. या बायका सगळ्या ठाण्या-मुंबईच्या. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका निदान नागपूरची होती, तिच्या बोलण्यावरून नवऱ्याची मैत्रीण शनाया हसायची आणि पुढे तीच राधिका मसाल्याचा धंदा उभा करते. राधिका झालेली अनिता दाते मूळची नाशिकची, तरी नागपुरी बोलून तिने ती बोली घराघरात नेली ना. कोल्हापूरला राणादा मिळाला, साताऱ्याला फौजी मिळाला, मालवणीला अण्णा नाईक मिळाले. खानदेशाला काय मिळालं? केळी आमची, कापूस आमचा, भरीत आमचं, आणि आमची बाई टीव्हीवर नाहीच. बहिणाबाईंच्या गावापासून तासाभरावर राहून हे बघावं लागतं.

धुळ्याचा भो:
एकदम बरोबर. बहिणाबाईंनी अहिराणी जगभर नेली, आणि आज एक चॅनल नायिकेला अहिराणीत बोलू देत नाही. मनी माय सक्काय उठीसन अहिराणीमाच बोलस, तिनी बोली काय कमी शे का?

केळीबाग रावेर:
थांबा. बहिणाबाईंची बोली अहिराणी नाही. लेवा गणबोली आहे. हे किती वेळा सांगायचं? आसोद्याच्या बाई त्या. अहिराणीचं 'करस', 'जास', 'मना', 'तुना' त्यांच्या ओव्यांत शोधून दाखवा.

धुळ्याचा भो:
घ्या, आली जात मध्ये. खानदेशातल्या सगळ्या बोली मिळून अहिराणीच म्हणतात लोक. तुम्ही लोकांनी वेगळी चूल मांडून ठेवली म्हणूनच आपल्याला कुणी विचारत नाही.

केळीबाग रावेर:
जात तुम्ही काढली, मी बोली म्हणालो. लोक काय म्हणतात त्यावर व्याकरण ठरत नाही. बहिणाबाईंचं काव्य मुलाने आणि नातेवाइकांनी लिहून ठेवलं म्हणून ते टिकलं, आणि अत्र्यांनी हट्ट धरला म्हणून १९५२ ला छापलं गेलं, तेव्हा बाई जाऊन वर्ष झालेलं. २०१८ ला जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं तेव्हा पण भाषणांत 'अहिराणीच्या कवयित्री' ऐकलं मी स्वतः, समोरच्या रांगेत बसून. माझी आजी त्याच बोलीत बोलायची, तिच्या जिभेवरचे शब्द दुसऱ्याच्या नावावर चढवले जातात तेव्हा काय वाटतं ते तुम्हाला नाही कळणार.

धुळ्याचा भो:
आणि मला वर्गात "खेडवळ बोलू नको" म्हणून पट्टी खावी लागली, चौथीत, "माले पानी जोयजे" म्हटलं म्हणून. ते तुम्हाला कळणार का? तुमच्या बोलीला निदान एक बहिणाबाई आहे, पुस्तक आहे, विद्यापीठ आहे. आमच्या बोलीची लोकांना फक्त कॉमेडी पाहिजे. यूट्यूबवर अहिराणी म्हणजे दारुडा नवरा आणि झाडू घेतलेली बायको, बास. अहिराणीत एखादी बाई शांतपणे, रडत, विचार करत बोलतेय असं पडद्यावर कुणी दाखवलंय का?

शहाद्याची सून:
भाऊ, हे शेवटचं वाक्य खूप खरं आहे. मी दवाखान्यात नर्स आहे. बाळंतपणाला आलेल्या बायका आमच्याशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करतात आणि कळ आली की अहिराणीत किंवा भिलीत ओरडतात. दुःख सगळं त्याच बोलीत असतं. आणि भिलोरी, पावरी या आदिवासी बोली तर तुम्ही दोघांनी मोजल्याच नाहीत, नंदुरबार खानदेशातच आहे ना?

केळीबाग रावेर:
नंदुरबारचं मान्य. पट्टीचं वाचून वाईट वाटलं, ते चूकच. पण बहिणाबाई अहिराणी नाही, हे मी मरेपर्यंत सांगणार.

धुळ्याचा भो:
ठीक आहे, लेवा तर लेवा. लिहून घ्या. पण मग तुम्हीही मान्य करा की अर्ध्या महाराष्ट्राला हे माहीत नाही यात आमचा दोष नाही.

भुसावळची मामी:
बहिणाबाई म्हणजे तिशीत विधवा झालेली बाई, पोरं पदरात, शेत बघते, जात्यावर गाते. तुम्ही दोघं बोलीवर भांडताय, ती बाई नायिका म्हणून कुणी लिहिली असती तर मी आमच्या सगळ्या कॉलनीला बसवून दाखवली असती. त्यात कुणाच्या घरात परत जायचा प्रश्नच नाही, तिची तीच उभी आहे.

गिरणाकाठची:
माझा विषय कुठल्या कुठे नेला. पण मामी, हेच तर. अरुंधतीला स्वतःचं शेत नव्हतं. तिला गळा दिला लेखकांनी, पण गाण्याचे प्रसंग मोजून बघा आणि चहा देण्याचे मोजा. तिच्या करिअरचा ट्रॅक चार दिवस चालतो आणि पाचव्या दिवशी कुणीतरी जिन्यावरून पडतं. अनिरुद्धचं तर विचारूच नका, आज सुधारला, उद्या परत तेच, परवा हात जोडून माफी. पाच वर्षांत त्या माणसाला एकदाही अशी शिक्षा झाली नाही जी पुढच्या महिन्यापर्यंत टिकली. संजनाचीही त्याने तीच गत केली, आणि तिचे डोळे पुसायला कोण? अरुंधती. सासरे आप्पा एकटे तेवढे पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ लिहिले.

लिंबायतकर:
ताई, राग आला तर येऊ द्या, पण खरं सांगा. त्या मांड्यांनंतर तुम्ही परत कधीच गेला नाहीत त्या घरी? एकदाही नाही? माणसं अशी तुटत नाहीत, मी मानत नाही.

गिरणाकाठची:
गेले होते. हे मी वर लिहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी सासरे, म्हणजे आधीचे, त्यांना जळगावला दवाखान्यात ठेवलं होतं. कोर्टात माझ्या बाजूने बोलणारे त्या घरातले ते एकटे. कुणी बोलावलं नव्हतं, मीच गेले. दोन रात्री त्यांच्या उशाशी बसले, त्यांच्या मुलाशी एक शब्द बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कळण्याची भाकरी दुधात कुस्करून भरवली आणि साडेनऊच्या गाडीने घरी आले, कारण दुपारी माझ्या लेकीची परीक्षा होती. बस. जाण्याला माझा विरोध नाही दादा. मला निघून यायचं होतं आणि मी आले. अरुंधतीला तो तिसरा दिवस कुणी लिहूनच दिला नाही.

लिंबायतकर:
आत्ता रात्रपाळीहून आलो, माय जागी होती. तिला तुमचं सगळं वाचून दाखवलं. मांड्यांची गोष्ट आली तेव्हा म्हणाली, "बस पन नही म्हनात?" दोनदा म्हणाली. मग मी विचारलं, तू बापाला का सांभाळलंस. ती म्हणाली, घर त्याच्या नावावर होतं, तुम्ही तिघं होतात, मला जायला जागा असती तर बघितलं असतं. एवढंच बोलून परत शेंगा फोडायला लागली. मी पस्तीस वर्षांचा आहे, हे मी तिला आधी कधी विचारलं नव्हतं.
माझं मत सगळं बदललेलं नाही. तिने जे केलं ते मोठंच होतं आणि मालिकेत ते दाखवलं यात मला चूक वाटत नाही. पण ती पोस्ट शेअर केलेली काढून टाकतोय. आणि आशुतोषला मारायला नको होतं, तेवढं मान्य, माय पण त्या दिवसापासून बघत नव्हती.