विषय: वारसाच्या कागदपत्रांतील शब्द आणि संक्षेप

मंडळातील सर्वांस सप्रेम नमस्कार,

मी परदेशात राहते. वडिलांच्या निधनानंतर भावाने महाराष्ट्रातून कागदपत्रांची यादी पाठवली असून तीत पीओए (कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद), एनओसी, हक्कसोडपत्र, फेरफार आणि वारस दाखला यांचा उल्लेख आहे. मृत्युपत्र केलेले नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून भावाचेच नाव आहे, आणि सदनिका विकण्यासाठी वडिलांनी त्याला कुलमुखत्यारपत्रही दिले होते. यांपैकी कशावर सही केल्याने माझा हक्क जातो आणि कशाने केवळ काम पुढे सरकते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

एक सभासद

---

ताई, सप्रेम नमस्कार.

वडिलांविषयी वाचून वाईट वाटले. आपल्या यादीत आपला हिस्सा थेट दुसऱ्याला देणारा कागद एकच आहे, आणि तो म्हणजे हक्कसोडपत्र. त्यावर सही होऊन दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली, की मन बदलले म्हणून ते एकतर्फी मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव झाला असेल तर दिवाणी न्यायालयात तो सिद्ध करावा लागतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगा, मुलगी, विधवा आणि हयात असल्यास मृताची आई यांचे हिस्से समान असतात. म्हणून "ही केवळ औपचारिकता आहे" असे कोणीही सांगितले, तरी हक्क नेमका कोणाच्या लाभात सोडला जात आहे, ते वाक्य आपण स्वतः वाचलेच पाहिजे.

नॉमिनी हा मालक नव्हे. सोसायटीने पुढील व्यवहार कोणाशी करावा, एवढेच त्या नोंदीने ठरते. शेअर्सच्या बाबतीतही नामनिर्देशनामुळे वारसांचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले आहे. फेरफार ही महसुली नोंद असून तिच्यामुळे मालकी निर्माण होत नाही. एनओसी म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र. ते कोणत्या कामासाठी आहे, हे त्यात लिहून घ्यावे.

'वारस दाखला' कोणता, हे मात्र भावाला विचारा. बँकेतील रक्कम व रोखे यांसाठी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाखालील उत्तराधिकार प्रमाणपत्र असते, तर वारस म्हणून कायदेशीर मान्यता मिळवण्यासाठी १८२७ च्या मुंबई विनियमाखाली न्यायालयाकडून वारसा प्रमाणपत्र घेतात. एकाऐवजी दुसरे काढले, तर महिने वाया जातात.

आपला,
एक निवृत्त वकील

---

काका, मनापासून आभार. कुलमुखत्यारपत्राचे काय? मी भावाला द्यायच्या नव्या पत्राच्या मसुद्यात "विकणे, गहाण ठेवणे व मोबदला स्वीकारणे" असे अधिकार आहेत.

---

ताई,

वडिलांनी दिलेले कुलमुखत्यारपत्र, १८७२ च्या करार अधिनियमातील मोजके अपवाद वगळता, त्यांच्या निधनाबरोबरच संपले. त्याच्या आधारे आता विक्री होऊ शकत नाही. नव्या मसुद्यातील ते तिन्ही अधिकार, विकण्याचे ठरलेले नसेल तर, काढून टाकावेत आणि कोणत्या कार्यालयात कोणते काम करायचे तेवढेच लिहावे, कारण विक्रीचा अधिकार हाती असला की हक्कसोडपत्राशिवायही आपला हिस्सा विकला जाऊ शकतो. परदेशात केलेल्या पत्रावर भारतीय वकिलातीत साक्षांकन करून घ्यावे, किंवा आपला देश अपॉस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून दिले जाणारे सरकारी प्रमाणपत्र) करारात असेल तर नोटरीनंतर अपॉस्टिल घ्यावे. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे असते, तेव्हा लिफाफा मिळाल्याची तारीख भावाला जपून ठेवायला सांगा.